चकमकी बंदुकीची प्रतिकृती आणि तिची साक्ष

ठासणीच्या बंदुकांनी लढल्या गेलेल्या युद्धांचा विचार करताना इतिहासाच्या अभ्यासकापुढे तीन प्रश्न वारंवार उभे राहतात. शिपाई मिनिटाला किती बार काढू शकत असे? त्याची गोळी किती अंतरावर उपयोगी पडत असे? आणि चाप ओढल्यावर बार उडेलच याचा भरवसा कितपत असे? कवायतीची पुस्तके, तोफखान्याच्या दप्तरांतील नोंदी आणि लढाईत भाग घेतलेल्यांच्या आठवणी यांतून या प्रश्नांची उत्तरे मिळतात. परंतु ती एकमेकांशी नेहमीच जुळत नाहीत. म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आणखी एका साधनाकडे अभ्यासक वळू लागले. ते साधन म्हणजे जुन्या नमुन्याबरहुकूम नव्याने घडवलेली आणि प्रत्यक्ष गोळी झाडता येणारी चकमकी बंदूक.

हे साधन मोहक आहे. कागदावर ज्याची केवळ कल्पना करायची ते येथे हातात घेता येते, खांद्याला लावता येते, मोजता येते. मात्र या मोहकपणातच धोका दडलेला आहे. जुना कागद अस्सल की बनावट याची चिकित्सा केल्यावाचून त्याची साक्ष ग्राह्य धरू नये, हा इतिहासलेखनाचा पहिला नियम होय. प्रतिकृती ही तर उघड उघड नवी वस्तू. तिचा प्रत्येक भाग कोणीतरी, कोणत्यातरी हेतूने, आजच्या काळात निवडलेला असतो. नेमबाजीसाठी ती निवडताना व सज्ज करताना जे निर्णय घेतले जातात, तेच तिच्या साक्षीचे मोल ठरवतात. या निर्णयांची चिकित्सा हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१. यंत्र आणि त्याचे नमुने

चकमकी बंदुकीचे तत्त्व साधे आहे. घोड्याच्या जबड्यात धरलेली गार पोलादी पात्यावर आपटते; पाते पुढे ढकलले जाऊन त्याखालील रंजकपात्र उघडे पडते; पात्यावरून निघालेल्या ठिणग्या पात्रातील रंजकेवर पडतात; रंजकेची ज्वाला नळीच्या बुडाशी असलेल्या कानातून आत शिरते आणि मुख्य दारू पेटते. पाते आणि रंजकपात्राचे झाकण हे दोन भाग एकच करून टाकणे ही या कळेतील महत्त्वाची सुधारणा. तिच्या परिपूर्ण रूपाचे श्रेय सामान्यतः फ्रान्समधील लिझ्यो येथील मारँ ल बुर्जवा या कारागिरास देतात. काळ सतराव्या शतकाचा आरंभ. तोड्याच्या बंदुकीत जळती वात सतत सांभाळावी लागे. चकमकीने ती कटकट संपवली. पावसावर मात्र तिलाही पूर्ण विजय मिळवता आला नाही.

अठराव्या शतकात राज्यांनी आपापल्या फौजांसाठी ठराविक नमुने मुक्रर केले. फ्रान्सने १७१७ साली पहिला अधिकृत नमुना ठरवला व पुढे त्यात अनेक सुधारणा केल्या. त्यांपैकी १७६३ आणि १७७७ चे नमुने विशेष प्रसिद्ध आहेत. अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड शस्त्रागारातील १७९५ चा नमुना फ्रेंच धर्तीचाच होता. इंग्लंडमध्ये 'लाँग लँड' हा ४६ इंच नळीचा नमुना १७३० च्या सुमारास स्थिरावला. १७६९ मध्ये ४२ इंच नळीचा 'शॉर्ट लँड' नमुना पायदळासाठी आला. ईस्ट इंडिया कंपनी स्वतःच्या फौजेसाठी ३९ इंच नळीची, तुलनेने साधी व स्वस्त बंदूक बनवून घेत असे. १७९३ मध्ये फ्रान्सशी युद्ध जुंपल्यावर ब्रिटिश सरकारला शस्त्रांचा तुटवडा भासू लागला, तेव्हा त्याने कंपनीच्या बंदुका घेतल्या आणि १७९७ मध्ये तोच नमुना आपलासा केला. 'इंडिया पॅटर्न' हे नाव त्यावरून पडले. नेपोलियनविरुद्धच्या युद्धांत ब्रिटिश शिपायाच्या खांद्यावर मुख्यतः हीच बंदूक होती. या सर्व इंग्रजी नमुन्यांना 'ब्राउन बेस' हे एकच लोकप्रिय नाव चिकटले आहे. परंतु हे नाव म्हणजे नमुना नव्हे, हे प्रथमच ध्यानात ठेवले पाहिजे.

इंग्रजी बंदुकीच्या नळीचे छिद्र सुमारे ०.७५ इंच, तर फ्रेंच बंदुकीचे १७.५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ०.६९ इंच असे. इंग्रजी नळी लाकडी कुंद्यात आडव्या खिळ्यांनी बसवलेली, तर फ्रेंच नळी धातूच्या कड्यांनी आवळलेली. नळी धुण्यासाठी सोडवायची झाल्यास कडी सरकवून काढणे सोपे, खिळे वारंवार ठोकून काढणे लाकडाला घातक. वरवर क्षुल्लक दिसणारे हे भेद बंदूक वापरणाऱ्याच्या दृष्टीने क्षुल्लक नव्हते, आणि प्रतिकृती निवडणाऱ्याच्या दृष्टीनेही नाहीत.

२. बाजार आणि स्मृती

अभ्यासकाने प्रतिकृतीची निवड करताना पहिला प्रश्न विचारावा तो असा: ही बंदूक बाजारात का आली? कारण कोणत्या नमुन्याच्या प्रतिकृती निघाव्यात हे इतिहासाच्या गरजेवरून ठरत नाही, मागणीवरून ठरते. इटलीतील गार्दोने व्हाल त्रोंपिया हे गाव शतकानुशतके बंदुकांच्या कारागिरीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील कारखान्यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या शस्त्रांच्या प्रतिकृती मोठ्या प्रमाणावर काढल्या. त्यांचे प्रमुख गिऱ्हाईक अमेरिकन होते. प्रथम तेथील यादवी युद्धाची शताब्दी आणि पुढे १९७६ मध्ये स्वातंत्र्याची द्विशताब्दी, या निमित्तांनी जुन्या शस्त्रांची हौस तेथे फार वाढली. साहजिकच अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांनी वापरलेला 'शॉर्ट लँड' आणि त्यांच्याविरुद्ध वापरला गेलेला फ्रेंच नमुना या दोहोंच्या प्रतिकृती सर्वांत सुलभ झाल्या.

याचा परिणाम असा की, आसई किंवा लासवारीच्या लढाईचा अभ्यास करणाऱ्यास 'ब्राउन बेस' म्हणून जी चांगली प्रतिकृती सहज मिळते, ती दुसऱ्या एका खंडाच्या स्मृतीसाठी घडवलेली असते. तिची नळी ४२ इंचांची. १८०३ मध्ये दख्खनमध्ये कंपनीच्या पलटणींजवळ असलेला प्रमुख नमुना ३९ इंचांचा. तीन इंचांच्या फरकाने गोळीच्या वेगात फार मोठा भेद पडत नाही हे खरे. पण बंदुकीचा तोल, गज काढण्या-घालण्यास लागणारा हात, संगीन चढवल्यावरची एकूण लांबी आणि म्हणून दाट रांगेतील हालचाल, या गोष्टी बदलतात.

शस्त्रावरील कोरीव खुणा हा निवडीचा दुसरा निकष. इंग्लंडच्या सरकारी बंदुकांच्या कळेवर पूर्वी कारागिराचे नाव व साल कोरीत. १७६४ नंतर ही पद्धत मागे पडून त्याजागी 'टॉवर' हा शब्द येऊ लागला. असे असता एका सुपरिचित प्रतिकृतीची घडण 'शॉर्ट लँड'ची, म्हणजे १७६९ नंतरची, आणि कळेवर मात्र कारागिराच्या नावासह १७६२ हे साल कोरलेले आढळते. कंपनीच्या बंदुकांवर हृदयाकृती व्यापारी चिन्ह असे. १८०८ पासून त्याजागी मागच्या पायांवर उभा असलेला सिंह आला. खुणांची ही गल्लत नेमबाजीच्या दृष्टीने निरुपद्रवी आहे. परंतु ती पाहून सावध व्हावे. ज्या निर्मात्याने पृष्ठभागावर दोन काळ एकत्र केले, त्याने आतील भागांतही तसे केले असण्याचा संभव असतो, आणि तेथील मिश्रण डोळ्यांना दिसत नाही.

३. नळी आणि कसोटी

जुनी नळी घडीव लोखंडाच्या पट्टीची असे. पट्टी तापवून गजाभोवती गुंडाळीत, कडा एकमेकींवर चढवून ठोकून जोडीत आणि मग आतून कोरून छिद्र सारखे करीत. जोड कच्चा राहिला तर नळी फुटण्याची भीती. म्हणून दुप्पट-तिप्पट दारू भरून कसोटी घेण्याची चाल पडली. लंडनमध्ये बंदूककारांच्या संघास १६३७ मध्ये सनद मिळाली होती आणि नळ्यांची कसोटी हे त्याचे महत्त्वाचे काम होते. बर्मिंगहॅमचे कसोटीगृह १८१३ मध्ये स्थापन झाले. कसोटीस उतरलेल्या नळीवर शिक्का मारीत.

आजची प्रतिकृती सलग पोलादातून कोरलेली किंवा बिनजोड पोलादी नळीपासून बनवलेली असते. इटलीतील बंदुकांची कसोटी सरकारमान्य कसोटीगृहात होते व तसा शिक्का नळीवर असतो. भारतातही चकमकी बंदुकांच्या प्रतिकृती बनतात आणि परदेशी जातात. त्यांत 'इंडिया पॅटर्न'सारखे, इटालियन कारखान्यांनी सहसा न काढलेले नमुनेही असतात. मात्र यांपैकी पुष्कळशा केवळ शोभेच्या वस्तू म्हणून, कान न पाडताच विकल्या जातात. त्यांच्या नळीवर कसोटीचा शिक्का नसतो. विकत घेणाऱ्याने कान पाडून घेतला की ती गोळी झाडणारी बंदूक होते. परंतु बुडाचा पेच आत कोठवर आला आहे, भिंतीची जाडी किती आहे, पोलाद कोणत्या प्रतीचे आहे, हे प्रश्न अनुत्तरितच राहतात.

येथे अभ्यासकापुढे खरा पेच उभा राहतो. एका बाजूस कसोटीस उतरलेली पण चुकीच्या नमुन्याची बंदूक. दुसऱ्या बाजूस योग्य नमुन्याची पण कसोटी न झालेली बंदूक. अस्सलपणाच्या ओढीने दुसरी निवडून तिच्यात पूर्ण दारू व गोळी भरणे हे शास्त्रीय धाडस नव्हे, तो निव्वळ अविचार होय. ज्या काळाचा अभ्यास करावयाचा त्या काळानेही कसोटी न झालेली नळी शिपायाच्या हाती देणे टाळले होते. भारतात तर शस्त्र अधिनियम, १९५९ ची बंधने प्रथम पाहावी लागतात; अशा कोणत्याही प्रयोगाचा आरंभ परवान्यापासून होतो, दारूपासून नव्हे.

या पेचातून वाट काढण्याचा मार्ग प्रश्नांची विभागणी करण्यात आहे. कवायत, वजन, तोल, रांगेतील अंतर, संगिनीचा पल्ला या प्रश्नांसाठी बाह्यतः अचूक पण न झाडली जाणारी प्रतिकृती पुरेशी, किंबहुना अधिक योग्य आहे. गोळीचा वेग, विखुरणे, बार चुकण्याचे प्रमाण या प्रश्नांसाठी कसोटीस उतरलेली नळी अपरिहार्य. तेथे नमुन्यातील फरक नोंदवून त्याचा परिणाम हिशेबात घ्यावा. एकाच बंदुकीकडून सर्व प्रश्नांची उत्तरे मागणे हीच बहुतेक गोंधळांची जननी आहे.

४. कळ

चकमकी बंदुकीचा भरवसा मुख्यतः कळेवर अवलंबून असतो. प्रतिकृतीची कळ पारखताना तीन गोष्टी पाहतात. पहिली, पात्याचा पृष्ठभाग पुरेसा कडक आहे काय. गार पोलादाचे सूक्ष्म कण खरवडून काढते आणि ते कण हवेत पेटतात. ठिणगी गारेची नसून पोलादाची असते. पाते मऊ असेल तर त्यावर चरे पडतात आणि ठिणग्या निस्तेज होतात. दुसरी, मुख्य कमान आणि पात्याची कमान यांचा मेळ. पात्याची कमान फार ताठ असेल तर पाते वेळीच उघडत नाही आणि गार लवकर झिजते. तिसरी, अर्धा चढवलेला घोडा आपल्या खाचेत पक्का बसतो काय. बंदूक भरताना घोडा याच स्थितीत असतो. ही खाच झिजलेली असेल तर भरणाऱ्याच्या जिवाला धोका संभवतो.

याखेरीज कानाची जागा व घडण महत्त्वाची आहे. जुन्या सैनिकी बंदुकीत कान म्हणजे लोखंडात पाडलेले साधे सरळ छिद्र असे. आजचे नेमबाज पुष्कळदा तेथे न गंजणाऱ्या पोलादाची, आतून शंकूसारखी रुंद केलेली छोटी नळी बसवतात. त्यामुळे ज्वाला मुख्य दारूपर्यंत लवकर पोचते. बार अधिक खात्रीने व अधिक त्वरेने उडतो. नेमबाजाच्या दृष्टीने ही सुधारणा निर्विवाद हितकर आहे. इतिहासाच्या साक्षीच्या दृष्टीने ती साक्षीदाराला पढवून ठेवण्यासारखी आहे.

ही बाब किती महत्त्वाची आहे ते १८३४ मध्ये वुलिच येथे झालेल्या चाचण्यांवरून समजते. चकमकी बंदूक आणि टोपीची बंदूक यांची तुलना करण्यासाठी प्रत्येक प्रकारच्या बंदुकांतून सुमारे ६,००० बार काढण्यात आले. चकमकी बंदुकीचा दर साडेसहा बारांमागे एक चुकला. टोपीच्या बंदुकीचा १६६ बारांमागे एक. आता निवडक कळ, नवी गार, शंकूकृती कान आणि कोरडी हवा अशा अवस्थेत प्रतिकृतीने शंभरांत पाच-सात बारच चुकवले, तर त्यावरून वुलिचचे आकडे खोटे ठरत नाहीत. एवढेच ठरते की प्रतिकृती ही सरकारी कोठारातून आलेली, अनेक हातांतून गेलेली, सर्व ऋतूंत झाडली गेलेली बंदूक नाही.

५. गार, दारू आणि गोळी

प्रतिकृती सज्ज करताना प्रथम गार येते. इंग्लंडमध्ये सफोक परगण्यातील ब्रँडन येथील काळी गार नावाजलेली. फ्रान्समध्ये मेन या गावाच्या परिसरातील मधाच्या रंगाची. गार घोड्याच्या जबड्यात थेट धरीत नाहीत. ती चामड्याच्या किंवा शिशाच्या पातळ पट्टीत गुंडाळून आवळतात. सैनिकी बंदुकीच्या जड घोड्यासाठी शिसे वापरीत. गार नीट बसली की तिची धार पात्याच्या वरच्या भागावर समांतर आपटते आणि ठिणग्या पात्राच्या मध्यावर पडतात. चांगली गार वीस-तीस बारांपर्यंत टिके. मग धार पुन्हा पाडावी किंवा गार बदलावी लागे. म्हणून सुटे गारेचे तुकडे हा शिपायाच्या सरंजामाचा आवश्यक भाग होता. आजचा नेमबाज धार मंद झाल्याचे दिसताच थांबून गार दुरुस्त करतो. रांगेतल्या शिपायास ही सवड नव्हती.

दारूचा प्रश्न अधिक अवघड आहे. सोरा ७५, कोळसा १५, गंधक १० हे प्रमाण इंग्लंडात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाले होते. परंतु केवळ प्रमाणावरून दारूचे बळ ठरत नाही. सोऱ्याची शुद्धता, कोळशासाठी वापरलेले लाकूड व तो जाळण्याची रीत, मिश्रण दळण्याचा वेळ आणि दाण्यांचा आकार यांवर ते अवलंबून असते. इंग्लंडला लागणारा सोरा मुख्यतः बिहारमधून जात असे, आणि कंपनीच्या व्यापारातील ती एक मोलाची बाब होती. १७८७ मध्ये सरकारने वॉल्थम ॲबी येथील कारखाना विकत घेतल्यावर, थोरल्या विल्यम काँग्रीव्हच्या देखरेखीखाली दारूची प्रत बरीच सुधारली. म्हणजे १७६० ची दारू आणि १८१० ची दारू या एकच वस्तू नव्हेत. आणि आज कारखान्यात बनणारी, सारख्या दाण्यांची, कोरडी काळी दारू ही तिसरीच वस्तू आहे.

मात्रेबाबतही तसेच. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात ब्रिटिश काडतुसात सुमारे ६ ड्रॅम, म्हणजे १६४ ग्रेनच्या आसपास दारू असे, आणि रंजकही त्यातूनच घेतली जाई. आजचा नेमबाज तशाच व्यासाच्या प्रतिकृतीत पुष्कळदा याच्या निम्म्याच्या आसपास मात्रा वापरतो, कारण ५० मीटरच्या लक्ष्यासाठी तेवढी पुरते आणि खांद्याला धक्का कमी बसतो. शिवाय निर्मात्याने ठरवून दिलेली मर्यादा ओलांडणे योग्य नाही. तेव्हा प्रयोगातून मिळालेला वेग हा त्या मात्रेचा, त्या दारूचा वेग म्हणूनच नोंदवला पाहिजे. तो 'ब्राउन बेसचा वेग' म्हणून छापणे ही मूळ कागदात खाडाखोड करण्यासारखीच चूक आहे.

गोळीच्या बाबतीत प्रतिकृतीची साक्ष सर्वांत अधिक बिघडते. ०.७५ इंच छिद्राच्या सैनिकी बंदुकीत सुमारे ०.६९ इंच व्यासाची गोळी भरीत. एका पौंड शिशात अशा सुमारे साडेचौदा गोळ्या होत. गोळी आणि नळी यांतील ही फट मुद्दाम ठेवलेली होती. काळ्या दारूची राख प्रत्येक बारागणिक नळीत साचते. गोळी घट्ट असेल तर दहा-पंधरा बारांनंतर ती आत उतरेनाशी होते. लढाईत न उतरणाऱ्या गोळीपेक्षा भरकटणारी गोळी बरी, असा तो हिशेब होता. सैल गोळी नळीच्या भिंतींवर ठेचाळत बाहेर पडते आणि शेवटच्या ठेचेने तिला जी दिशा व गिरकी मिळेल तिकडे जाते. नेमबाजीच्या स्पर्धेत उतरणारा मात्र अधिक मोठी गोळी निवडतो, ती तेलकट कापडाच्या चकतीत गुंडाळतो आणि दर काही बारांनंतर नळी पुसून घेतो. फट नाहीशी होते आणि नेम आश्चर्यकारकपणे सुधारतो.

ठासणीच्या शस्त्रांच्या नेमबाजीसाठी १९७१ पासून एक आंतरराष्ट्रीय समिती कार्य करीत आहे. तिच्या 'मिकेलेट' नावाच्या स्पर्धेत चकमकी सैनिकी बंदुकीने ५० मीटरवरील लक्ष्यावर उभ्याने नेम धरतात, आणि अस्सल व प्रतिकृती असे दोन वर्ग पाडलेले आहेत. तेथे दिसणारे कौशल्य खरोखर वाखाणण्याजोगे असते. पण ते पाहून जुन्या शिपायांच्या नेमाविषयीचे समकालीन उल्लेख अतिशयोक्त ठरवणे गैर आहे. दोनशे यार्डांवर एका माणसावर नेम धरणे व्यर्थ, असे मत जॉर्ज हँगर या अनुभवी अधिकाऱ्याने १८१४ मध्ये मांडले. ते सैल गोळी, मळलेली नळी आणि कच्च्या शिक्षणाचा शिपाई यांच्याविषयीचे मत होते. स्पर्धेतील बंदुकीत यांपैकी एकही गोष्ट नसते.

६. सरंजाम आणि भरण्याचा क्रम

बंदुकीबरोबर लागणाऱ्या सरंजामात काडतुसांची चामडी पेटी, कान मोकळा करण्याची सळई, पात्र झाडण्याचा छोटा ब्रश, गार आवळण्याचा पेचकस, अडकलेली गोळी किंवा चिंधी काढण्याचा गजावरचा स्क्रू, पात्यावर चढवण्याची चामडी टोपी आणि संगीन एवढ्या वस्तू येतात. यांतील पात्याची टोपी सहसा विसरली जाते, वस्तुतः ती फार मोलाची. ती चढवलेली असताना चुकून घोडा पडला तरी ठिणगी उडत नाही. लोखंडी गजाचाही विचार केला पाहिजे. लाकडी गज घाईत मोडे. म्हणून अठराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास लोखंडी व पोलादी गज प्रचारात आले आणि भरण्याचा वेग वाढला. १७३० ची लढाई समजून घेण्यासाठी पोलादी गजाची प्रतिकृती वापरणे म्हणजे उत्तर आधीच बदलून ठेवणे होय.

भरण्याचा क्रम हा याहून सूक्ष्म प्रश्न आहे. अठराव्या शतकातील ब्रिटिश कवायतीत शिपाई काडतूस दाताने फोडी, प्रथम थोडी दारू पात्रात ओतून झाकण लावी आणि मग बंदूक उभी करून उरलेली दारू, गोळी व कागद नळीत ठासी. म्हणजे ठासतेवेळी पात्रात रंजक भरलेली असे, आणि कळेतील एकच खाच काय ती त्याच्या व अपघाताच्या मध्ये उभी असे. आजच्या मैदानांवर हा क्रम चालत नाही. तेथे आधी मोजून ठेवलेली मात्रा नळीत घालतात, गोळी बसवतात आणि सर्वांत शेवटी, बंदूक लक्ष्याकडे रोखल्यावर, वेगळ्या बारीक दारूने रंजक भरतात. हा नियम सर्वस्वी योग्य आहे व तो मोडू नये.

मात्र त्याचे परिणाम ध्यानात घेतले पाहिजेत. जुन्या रीतीत रंजकेची मात्रा शिपायाच्या हाताच्या अंदाजावर ठरे. घाईत पात्रात जास्त गेली की नळीत कमी राही. गोळ्यांच्या पल्ल्यातील अनियमितपणाचे हे एक कारण होते. आजच्या रीतीत ते कारणच उरत नाही. तसेच मिनिटाला तीन बार हा कवायती शिपायाचा प्रसिद्ध वेग आजच्या क्रमाने तपासता येत नाही. तो तपासायचा असेल तर दारूवाचून, रिकाम्या बंदुकीवर जुना क्रम गिरवून वेळ मोजावा आणि त्यातून निष्कर्ष काढावा. येथेही प्रश्नांची विभागणी हाच उपाय.

७. साक्षीची मर्यादा

प्रतिकृतीऐवजी अस्सल शस्त्रे वापरली तर या साऱ्या अडचणी टळतील काय? ऑस्ट्रियातील ग्रात्स येथील प्राचीन शस्त्रागारातर्फे १९८८-८९ मध्ये असा प्रयोग झाला. सोळाव्या ते अठराव्या शतकांतील अस्सल बंदुका चौकटीत पक्क्या बसवून विजेच्या साहाय्याने उडवण्यात आल्या. गोळ्यांचा आरंभवेग सरासरीने सेकंदाला ४५० मीटरच्या आसपास भरला, आणि माणसाचा हात मध्ये नसतानाही गुळगुळीत नळीतील गोळ्या शंभर मीटरवर पुष्कळ विखुरल्या. या प्रयोगाने एक गोष्ट निश्चित झाली: नेमाच्या दोषाचा मोठा वाटा शिपायाचा नसून शस्त्राचाच होता. पण कळ, रंजक, बार चुकणे, भरण्याची घाई हे सर्व या प्रयोगातून बुद्ध्याच वगळलेले होते. त्याआधी प्रशियात शार्नहोर्स्टने १८१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत माणसे होती, पण समोर शत्रूची रांग नव्हती, फळ्यांचे लक्ष्य होते. प्रत्येक प्रयोग काही दाखवतो आणि काही झाकतो. प्रतिकृतीही त्यास अपवाद नाही.

मराठ्यांच्या लष्करी इतिहासाशी या चर्चेचा संबंध दूरचा नाही. इंग्रजांच्या विजयाचे कारण त्यांची श्रेष्ठ शस्त्रे, हे विधान दीर्घकाळ प्रचलित होते. परंतु महादजी शिंद्यांनी १७८४ पासून द बॉयन्यच्या हाताखाली कवायती पलटणी उभारल्या. आग्रा येथे सँगस्टर या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली त्यांच्यासाठी तोफा व बंदुका तयार होऊ लागल्या. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आसई येथे दोन्ही बाजूंच्या कवायती पायदळांच्या हाती चकमकी बंदुका होत्या. त्या दिवशी वेलस्लीच्या फौजेची दीड हजारांहून अधिक माणसे मेली वा जखमी झाली, आणि त्यांत शिंद्यांच्या तोफांचा वाटा मोठा होता. रँडॉल्फ कूपर यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शस्त्रांच्या श्रेष्ठतेचे जुने गृहीतक खोडून काढले आहे व पराभवाची कारणे पैसा, अधिकाऱ्यांची निष्ठा आणि राजकारण यांत शोधली आहेत.

असे असता एखाद्याने स्पर्धेसाठी सज्ज केलेली 'ब्राउन बेस' मैदानावर झाडून, तिचा उत्तम नेम पाहून, इंग्रजी बंदुकीच्या श्रेष्ठतेचा सिद्धांत पुन्हा उभा केला, तर तो सिद्धांत चाचणीतून आलेला नसून मोठ्या गोळीतून, तेलकट चकतीतून आणि शंकूकृती कानातून आलेला असेल. उलट एखाद्या स्वस्त प्रतिकृतीचे मऊ पाते ठिणगी टाकीत नाही हे पाहून त्या काळच्या देशी कारखान्यांची कारागिरी हीन ठरवणेही तितकेच अन्यायाचे. आग्र्याच्या कारखान्यांपुढे हाच प्रश्न होता: परक्या नमुन्याची बंदूक आपल्या लोखंडाने, आपल्या कारागिरांकडून कशी घडवावी, कोणता भाग जसाच्या तसा उतरवावा आणि कोणता परिस्थितीनुरूप बदलावा. त्या अर्थाने महादजींच्या पलटणींच्या हातातील बंदुकाही प्रतिकृतीच होत्या. फरक इतकाच की त्यांची कसोटी मैदानावरच्या लक्ष्यावर नव्हे, तर रणांगणावर झाली.

तात्पर्य, प्रतिकृती निवडणे हा खरेदीचा विषय नसून साधनचिकित्सेचा विषय आहे. कोणता नमुना, कोणती नळी, कशी कळ, किती दारू, केवढी गोळी आणि कोणता क्रम, यांची नोंद चाचणीच्या आकड्यांइतक्याच काळजीने ठेवली पाहिजे. आणि जेथे सुरक्षिततेसाठी जुन्या रीतीपासून दूर जावे लागले, तेथे ते अंतर स्पष्ट सांगितले पाहिजे. जी प्रतिकृती सर्वांत चांगला नेम देते ती इतिहासाची सर्वांत चांगली साक्षीदार असेलच असे नाही. बहुधा ती नसतेच. आपल्या उणिवांसह बोलणारी, अधूनमधून बार चुकवणारी, सैल गोळीने लक्ष्य हुकवणारी बंदूकच जुन्या शिपायाची अडचण अधिक प्रामाणिकपणे सांगते.